सत्तेचाळीस नंबरची ओळ

पुणे,
१३ मार्च १९७३

प्रिय एलियादादा,

हे पत्र पोस्टानं न येता श्रीमंत नावाच्या ड्रायव्हरच्या हातून आलं, म्हणून तू आधीच चमकला असशील. श्रीमंत क्षयरोग पाहणीच्या जीपवर असतो. माणूस भरवशाचा आहे. त्याला चहा दे, पण त्याच्यादेखत पाकीट फोडू नकोस. शाळेतही वाचू नकोस, मुलं घरी गेली की वाच. मरियावहिनीला अवश्य सांग, पण आधी तू एकट्यानं वाचून घे. धाकट्या बहिणीनं असे हुकूम सोडायची आपल्या घरात पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण याआधी मी चार पत्रं लिहून फाडली आहेत. प्रत्येकात मी पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकलं होतं, आणि नंतर वाचताना वाटलं, हे वाचून दादा नुसता घाबरेल. काय झालं ते त्याला कळणार नाही आणि दुसऱ्यांना सांगताही येणार नाही. म्हणून या वेळी घडलं त्या क्रमानं लिहिते आहे. तेवढा धीर धर.

मागच्या रविवारी देवळालीला जाऊन आले. बाबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, तरी उपासनेत शास्त्रपाठ तेच वाचतात. पाठच आहे, त्यामुळे चुकत नाहीत. कालव्याला पाणी नाही. आपल्या घरामागचा ऊस पिवळा पडून उभाच वाळलाय. आईनं तुमच्या छोट्या अब्राहामासाठी झबली शिवून ठेवलीत. "एलिया कधी येनार हाय?" असं तिनं तीनदा विचारलं. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली आणि परत आले.

तू नाताळात विचारलं होतंस, कृपा, तू तिथं नेमकं करतेस तरी काय, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. आज सांगते. आमच्या केंद्रातलं गणकयंत्र एका मोठ्या खोलीभर पसरलेलं आहे. त्यानं काय करायचं ते कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागतं; त्या सूचनांच्या गठ्ठ्याला प्रोग्रॅम म्हणतात. पण दर वेळी सगळं नव्यानं लिहीत बसत नाहीत. नेहमी लागणारे छोटे तयार तुकडे एका फितीवर साठवून ठेवलेले असतात. त्या फितीला आम्ही लायब्ररी म्हणतो. माझ्या प्रोग्रॅमनं नुसतं नाव घ्यायचं, यंत्र फितीवरून तो तुकडा शोधून आणतं आणि जागेवर बसवतं. आता प्रश्न इतकाच, की नाव घेतलं आणि फितीवर तो तुकडाच नसला तर यंत्रानं काय करायचं? थांबायचं की पुढं जायचं? कुणाला सांगायचं, आणि कोणत्या शब्दांत? तुला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता, आणि म्हणूनच त्याचा निकाल मी एका दुपारी लावून मोकळी झाले.

आधी असं होतं, की तुकडा सापडला नाही तर यंत्र थांबायचं आणि ज्याचं काम असेल त्याच्या छापील कागदावरच इंग्रजीत एक ओळ उमटायची: चूक नंबर सत्तेचाळीस, आणि पुढं सात-आठ अक्षरांचं एक निरर्थक नाव. आमच्याकडं काम घेऊन येणारी माणसं म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, शेतकी खात्यातले लोक. त्यांना ती ओळ म्हणजे जादूटोणाच. पाहणीच्या डॉक्टर पुष्पावतीबाई गेल्या जुलैत आमच्याकडं आल्या होत्या. कागदाची घडी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "कृपाताई, याचा अर्थ काय? मी काही चुकलेय का? मला हे पाहून धडकी भरते हो." मी त्यांना सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, एक साधा तुकडा फितीवर नव्हता, उद्या परत चालवू. त्या हसल्या, पण त्या दिवशीचं त्यांचं काम बुडालं होतं. अशा तक्रारी साठत गेल्या, तेव्हा साहेबांनी मला उपाय सुचवायला सांगितलं. मी दीड पानाचा कागद लिहिला. त्यात दोन गोष्टी होत्या. तुकडा सापडला नाही तर यंत्रानं थांबू नये; त्या जागी रिकामा तुकडा बसवावा आणि काम पुढं चालू ठेवावं. आणि सत्तेचाळीस नंबरची ओळ लोकांच्या कागदावर छापू नये. ती यंत्र चालवणाऱ्याच्या टाइपरायटरवर उमटावी, म्हणजे जाणत्या माणसाला कळेल आणि बाकीच्यांना उगाच घाबरायला होणार नाही. साहेबांनी खाली सही केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकांचा विचार करणारी पोरगी आहे." त्या दिवशी मी पेढे वाटले होते, दादा.

ऑक्टोबरात क्षकिरणांची गाडी तुमच्या कुसळवाडीला आली. माझ्याच पत्रावरून तू पुढाकार घेतलास. गावातलं कुणीच गाडीत चढेना, ते तू मला किती रंगवून लिहिलं होतंस! आक्काबाई म्हणाली, "मास्तर, त्या पेटीला छाती लावली की आतला जीव पातळ हुतो म्हनं. तुमी शिकलेले हाय, तुमाला काय न्हाई व्हायचं, आमी मरू." मग तू सदरा काढलास, आधी स्वतः जाऊन उभा राहिलास, आणि खाली उतरून सगळ्यांसमोर दोन बैठका मारून दाखवल्यास. त्यानंतर तीनशे ऐंशी माणसं रांगेत आली. ते पत्र मी इथं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पुष्पावतीबाई म्हणाल्या, असा एक मास्तर प्रत्येक गावात असता तर आमचं काम अर्धं झालं असतं.

त्या फोटोंचं पुढं काय होतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वेगवेगळे बसून तपासतात. दोघांनाही डाग दिसला तर माणसाला परत बोलवायचं. दोघांनाही छाती साफ दिसली तर प्रश्नच नाही. पण पुष्कळदा एकाला डाग दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही. तिथं वय किती, खोकला किती दिवसांचा, घरात कुणाला आजार होता का, हे सगळं पाहून ठरवावं लागतं. आणि शंका असेल तर बोलवायचंच, असा नियम आहे. हे ठरवणारा तुकडा लायब्ररीच्या फितीवर होता. नोव्हेंबरात जुनी फीत झिजली म्हणून नवी तयार झाली. नव्या फितीवर उतरवताना काही तुकडे सुटले, त्यातच हाही सुटला. कुणी सोडला, कसा सोडला, ते अजून कळलेलं नाही आणि आता त्याला अर्थही नाही. तुमच्या एकेचाळीस गावांची कार्डं यंत्रात गेली तेव्हा यंत्रानं त्या तुकड्याचं नाव घेतलं, तो सापडला नाही, आणि त्यानं मी सांगितलं होतं तेच केलं. त्या जागी रिकामा तुकडा बसवला. रिकामा तुकडा नेहमी एकच उत्तर देतो, शून्य. आणि आमच्या कागदावर शून्याचा अर्थ होता, छाती साफ.

यंत्र गप्प बसलं नव्हतं, दादा. टाइपरायटरवर सत्तेचाळीस नंबरची ओळ उमटली होती. तिथं छगन असतो. तो आपल्या नेवाशाचा, कामाला चोख. मी नंतर त्याला विचारलं तेव्हा बिचारा म्हणाला, "बाई, ती ओळ तर दिवसातून तीस वेळा येती. कधी पान-क्रमांकाचा तुकडा न्हाई, कधी तारखेचा न्हाई. पहिले आठ दिवस मी दर वेळी उठून सांगायचो. मग साहेबच म्हनले, येवढ्या-तेवढ्याला कशाला उठतो." त्याचं काही चुकलं नाही. पानाचा आकडा हरवला तरी सत्तेचाळीस आणि माणसाचं फुप्फुस हरवलं तरी सत्तेचाळीस, ही सोय मीच करून ठेवली होती.

डिसेंबरात पुष्पावतीबाईंना कागद मिळाले. स्वच्छ, सुबक, एकही परकी ओळ नाही. परत बोलवायच्या लोकांची नावं त्यात होतीच, कारण दोन्ही डॉक्टरांना डाग दिसलेली माणसं दुसऱ्या वाटेनं निघतात. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. अपेक्षेपेक्षा थोडी कमी नावं निघाली, याचा उलट आनंदच झाला. कुसळवाडीची चार नावं निघाली. बाकीच्या तीनशे शहात्तरांची यादी तू चावडीवर वाचून दाखवलीस, लोकांनी गूळ वाटला. आसारामनं तुझ्या पायाला हात लावला, असं तू लिहिलं होतंस. तुझं ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता मला तो खण उघडवत नाही.

मग दुष्काळी कामं निघाली. सगळं गाव खडी फोडायला गेलं. तू लिहिलंस, गाव दिवसभर धुळीत असतं, सगळे खोकतात. सगळेच खोकत असल्यावर कुणाचा खोकला कसला, हे कोण बघणार? आणि बघावं तरी कशाला? यंत्रानं सांगितलं होतं ना, छाती साफ.

वीस फेब्रुवारीला पुष्पावतीबाई कळवल्याशिवाय केंद्रात आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी पिशवीतून एक छोटा फोटो काढून खिडकीच्या काचेला लावला. म्हणाल्या, "हा कुसळवाडीचा आसाराम. वय चौतीस. काल जामखेडच्या दवाखान्यात आणलाय, तोंडातून रक्त पडतंय. मी ऑक्टोबरातला त्याचा फोटो काढून पाहिला. हे बघा, एका डॉक्टरनं डागाभोवती गोल केलाय. मग यंत्रानं याला सोडला कसा?" मी दोन दिवस टाइपरायटरच्या जुन्या कागदांच्या गुंडाळ्या उलगडत बसले. तिसऱ्या दिवशी मला ती ओळ सापडली. अठ्ठावीस नोव्हेंबर, वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता.

आसाराम दोन मार्चला गेला. तू मला लिहिलंस, दगडाच्या धुळीनं छाती गेली बिचाऱ्याची. दादा, धुळीनं नाही.

साहेबांना मी सगळं लेखी दिलं. ते वाईट माणूस नाहीत, पण वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. म्हणाले, "आधी पाहणी मंडळाची बैठक होऊ दे. एप्रिलच्या शेवटी आहे. तोवर कुणाशी बोलायचं नाही. दुष्काळात लोक आधीच बिथरलेले आहेत, घबराट माजेल." त्यांनी लोकांना पाठवायच्या सूचनेचा मसुदाही केला. त्यात लिहिलं आहे, 'तांत्रिक कारणास्तव काही निष्कर्षांचा फेरविचार करण्यात येत आहे.' मी म्हटलं, साहेब, हे वाचून आक्काबाईंना काय कळेल? ते म्हणाले, "आक्काबाई कोण?" मग मी दुसरं विचारलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याच फितीवर आणखी अकरा कामं झाली आहेत, त्यातलं एक धरणाच्या भिंतीचं आहे. त्यांत कुठले तुकडे नव्हते, ते पाहायचं का? साहेबांनी कामांची नोंदवही मिटली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. किल्ली त्यांच्याकडं आहे. मी रोज त्या कपाटासमोरून जाते.

एक गोष्ट मात्र मी न विचारता केली. आता तुकडा सापडला नाही की यंत्र थांबतं. आणि ज्याचं काम असेल त्याच्याच कागदावर, सगळ्यात वर, छापतं. आमच्या यंत्राला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांतच मराठी वाक्यं घातली आहेत: 'हे काम अपुरं आहे. दोन डॉक्टरांचं मत जुळवणारा भाग सापडला नाही. या यादीवरून कुणालाही बरा म्हणू नका. कृपा यांना भेटा.' प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं वाक्य लिहावं लागलं, त्यात सहा दिवस गेले. साहेबांना अजून कळलेलं नाही. कळेल त्या दिवशी माझी इथली नोकरी संपेल, आणि हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं हे कळलं तर त्याच्या आधीच संपेल. पुष्पावतीबाईंना सगळं ठाऊक आहे. मंडळाची वाट न पाहता त्यांनी सोमवारी, एकोणीस तारखेला, क्षकिरणांची गाडी जामखेडच्या दवाखान्यात उभी करायचं ठरवलंय. त्यांच्याही नोकरीवर बेतू शकतं. त्या मला म्हणाल्या, "त्या ओळीची धडकी भरते असं मीच म्हणाले होते ना."

आता सांगायचं राहिलं ते सांगते. दोन डॉक्टरांचं मत जुळलं नव्हतं असे तीनशे सतरा फोटो निघाले. पुष्पावतीबाई आणि मी एकेक कार्ड हाती घेऊन पाहत गेलो, आणि त्यातली दोनशे बारा माणसं परत बोलवायला हवी होती असं दिसलं. गावांचे गठ्ठे वेगवेगळे होते. कुसळवाडीचा गठ्ठा मी शेवटी ठेवला. बाईंना वाटलं सहज राहिला. सहज राहिला नव्हता. नाताळात देवळात तू दुसऱ्या कडव्याला गायचा थांबलास आणि खांबाला हात टेकून उभा राहिलास, ते मी पाहिलं होतं, आणि दुष्काळात कोण वाळत नाही, अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती. शनिवारी शेवटी तो गठ्ठा सोडला. सोबतच्या कागदावर कुसळवाडीची एकोणीस नावं आहेत. आसारामचं नाव मी त्यातच राहू दिलं आहे. आणि सगळ्यात वरचं कार्ड नंबर एक, एलिया अब्राहाम, शिक्षक, वय एकतीस, ते तुझं आहे. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, ज्वारीच्या दाण्याएवढी सावली आहे. एका डॉक्टरनं तिच्याभोवती गोल केला आहे, दुसऱ्यानं लिहिलं आहे, 'फोटोतला डाग असावा.' खरं काय ते मला माहीत नाही, दादा, आणि पाच महिन्यांत ती सावली तेवढीच राहिली असेल असं मी तुला म्हणणार नाही. त्यावर इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, दीड वर्ष न चुकवता घेतल्या तर माणूस बरा होतो, हे बाईंनी मला शपथेवर सांगितलं आहे. आज रात्रीपासून छोट्याला जवळ घेऊन झोपू नकोस. मुलांना शाळेबाहेर झाडाखाली बसव. बाकीच्या सतरा घरी जा आणि यंत्र चुकलं असं सांगू नकोस. माझी बहीण चुकली असं सांग, कारण यंत्र म्हटलं की लोक हात जोडतात आणि गप्प बसतात. आसारामच्या घरी तू जाऊ नकोस. तिथं मी येणार आहे. रविवारी दुपारच्या एसटीनं उतरते. माझ्याशी बोलू नकोस, घरात घेऊ नकोस, तुझी इच्छा. पण सोमवारी सकाळी त्या सतरा जणांबरोबर जामखेडच्या गाडीत बस.

तुझीच धाकटी,
कृपा